आप्पांनी तपासलेली संख्या

वसतिगृहातली नववीची एक मुलगी तापाने फणफणली. तिच्या वडिलांना फोन लावायचा होता. एवढ्याशा कारणावरून हे सगळं सुरू झालं.

शहाद्याच्या पुढे, तापीच्या बाजूला आमची शाळा आहे. मी तिथे नववी-दहावीला गणित शिकवते. सपाटीवरच्या गावांतली मुलं रोज येऊन-जाऊन शिकतात, सातपुड्यातली वसतिगृहात राहतात. त्या दिवशी क्लार्क रजेवर होता, म्हणून पालकांच्या नंबरांची नवी छापील यादी मीच कपाटातून काढली. शाळेने बाहेरून एक प्रोग्रॅम करून घेतला होता, त्यातून निघालेली ही पहिलीच यादी. मुलीच्या नावापुढचा नंबर फिरवला, तर असा नंबरच अस्तित्वात नाही म्हणून आवाज आला. वाटलं, एखादा आकडा चुकला असेल. तिच्या गावच्या दुसऱ्या मुलीच्या वडिलांना लावावा म्हणून खालची ओळ पाहिली. तिथेही तोच नंबर. त्याखाली तोच. पानं उलटत गेले. तीनशेच्या वर मुलांच्या पालकांचा नंबर एकच होता : २१४७४८३६४७.

ती मुलगी सातपुड्यातल्या मोलगी गावाच्या पलीकडच्या पाड्यावरची. मोलगीकडे जाणाऱ्या एका जीपवाल्याजवळ निरोप दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे वडील आले. पाड्यापासून मोलगीपर्यंत पायी, पुढे जीपने. येताना टोपलीभर सीताफळं घेऊन आले होते. तोवर पोरीचा ताप उतरला होता आणि ती अंगणात मैत्रिणीच्या वेण्या घालत बसली होती.

मुख्याध्यापकांनी यादी माझ्यापुढे ठेवली. "मॅडम, आकड्यांचा प्रकार आहे. तुम्हीच बघा."

तो आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता. तासाभराने आठवलं. एकाची दुप्पट दोन, दोनाची चार, चाराची आठ, अशी एकतीस वेळा दुप्पट करत जायचं आणि शेवटी एक वजा करायचा. येतो तो हा आकडा. कॉम्प्युटरमध्ये एक संख्या ठेवायला जो रकाना करतात, त्याला पुष्कळदा एकतीस खाचा असतात, प्रत्येक खाचेत शून्य किंवा एक. बत्तिसावी खाच अधिक-उणे दाखवायला. सगळ्या एकतीस खाचांत एक भरला की रकाना शिगोशीग भरतो, आणि ती संख्या २१४७४८३६४७ असते. आपले मोबाईल नंबर सहा, सात, आठ, नाही तर नऊने सुरू होतात, म्हणजे सगळेच याच्याहून मोठे. शेराच्या मापात पायली ओतली तरी माप शेराचंच भरणार. तसं प्रत्येक बापाच्या नंबराचं झालं होतं. प्रोग्रॅमवाल्याला कळवलं, त्याने रकाना बदलला, आठवड्यात यादी दुरुस्त झाली. शाळेच्या बाजूने विषय तिथे संपला.

घरी मात्र संपला नाही, कारण घरी आप्पा खाटेवर होते.

आप्पा माझे सासरे. पंचाहत्तरीचे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी एकोणतीस हंगाम काढले आणि बाकीचा वेळ शेती केली. दिवाळीच्या आधी पपईच्या शेतात ठिबकची नळी पायात अडकून ते पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, आणि डॉक्टरांनी तीन-चार महिने जपून राहायला सांगितलं. ज्या माणसाने कधी दुपारची झोप घेतली नाही त्याला हे सांगणं म्हणजे बैलाला पुस्तक वाचायला सांगण्यासारखं. पहिल्या पंधरा दिवसांत त्यांनी टीव्हीशी भांडण केलं, पंख्याच्या आवाजाशी केलं, आणि माझ्या सासूबाईंशी तर रोज. मला काही बोलायचे नाहीत. पण मी घरात शिरले की भिंतीकडे तोंड करायचे, आणि ते मला भांडणापेक्षा जड जायचं.

मी माहेरची नाशिककडची. वीस वर्षं झाली, अहिराणी सगळी कळते, बोलताना अडखळते. त्यामुळे आप्पा अहिराणीत बोलतात आणि मी मराठीत उत्तर देते. आमचं असंच चालतं.

आकडा ओळखला त्या संध्याकाळी त्यांना हसवावं म्हणून मी यादीची गोष्ट सांगितली.

"बठ्ठासले एकच नंबर?" भिंतीकडचं तोंड इकडे वळलं. "बठ्ठासना बाप एकच शे का मंग?"

मी हसले. रकान्याची गोष्ट सांगितली, दुपटीची सांगितली. त्यांनी पाठकोरा कागद आणि पेन मागवलं आणि माझ्यासमोर एकतीस वेळा दुप्पट करून, एक वजा करून आकडा पडताळला. बरोबर आला. मग विचारलं, "तेले कसाना भाग जास?"

"कशाचाच जात नाही, आप्पा. मूळ संख्या आहे ती. एकाने आणि स्वतःने, बस्स."

"कोनी दखं?"

"अडीचशे वर्षांपूर्वी एका मोठ्या गणितज्ञाने. डोळे जवळजवळ गेलेले होते त्याचे, तरी तपासली. पुढे शंभरएक वर्षं माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या हीच होती."

"तेनी दखं. तू दखं का?"

"नाही."

"मंग माहीत शे असं कसं म्हनस?"

पुस्तकात आहे म्हणून माहीत आहे, हे उत्तर वर्गात चालतं. मी मोबाईल पुढे केला, म्हटलं, यात एका क्षणात कळेल. आप्पांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "हाऊच डबा ना, जेनी बठ्ठासले एकच नंबर दिना?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी दोनशे पानी दोन वह्या आणल्या. उशीला टेकून, मांडीवर पाट घेऊन ते भागाकार करू लागले. दोनाचा प्रश्नच नव्हता. तीनने भागलं, बाकी एक. पाच सोडला. सातने भागलं, बाकी एक. अकराने, बाकी एक. संध्याकाळी त्यांनी मला वही दाखवली. बाकी एक उरण्याचं त्यांना फार अप्रूप वाटत होतं. एवढा मोठा आकडा आणि एकासाठी अडतो. तेराने भागल्यावर दहा उरले, तेव्हा ते जरा नाराज झाले.

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "आज सकायपासून एक डाव बी बोंबलनात नही. काय दिनं तू तेस्ले?"

"आकडा दिला, आई."

"मंग आखो दोन आकडा दी टाक."

मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की हे कुठवर करायचं. दोन अब्ज चौदा कोटींपर्यंत जायची गरज नव्हती. समजा तेवढी पपईची रोपं आहेत आणि ती चौकोनी वाफ्यात, प्रत्येक ओळीत सारखी, लावायची आहेत. ओळी वाढवल्या की ओळीतली रोपं कमी होणार. शेहेचाळीस हजार तीनशे चाळीसच्या पुढे ओळी गेल्या की ओळीतली रोपं त्याहून कमी होतात, आणि ते तर आपण आधीच तपासलेलं असतं, फक्त ओळी आणि रोपांची अदलाबदल. हे आप्पांना एका वाक्यात पटलं. पण शेहेचाळीस हजारांच्या आत मूळ संख्याच पावणेपाच हजारांहून जास्त आहेत. दिवसाला दहा केल्या तरी वर्ष पुरणार नाही. हेही मी सांगितलं. ते म्हणाले, पाय कुठे पळून चाललाय.

तीन आठवड्यांत एक हजाराच्या आतल्या सगळ्या, एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून झालं. प्रत्येक भागाकाराखाली नवाचा ताळा. ही त्यांची काट्यावरची सवय. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, आणि लगेच ताळा. आकड्यातले अंक मिळवायचे, आलेल्या बेरजेतले पुन्हा मिळवायचे, एक अंक उरेपर्यंत. आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज शेहेचाळीस, त्याची दहा, त्याची एक. भागाकार आणि भाजक यांचेही असेच अंक काढून त्यांचा गुणाकार करायचा, त्यात बाकी मिळवायची, आणि शेवटी एकच यायला हवा. एक आला की पानाच्या कोपऱ्यात ते टिंब द्यायचे.

त्यांचे खांदे दुखायला लागले होते. मला राहवेना. एम.एस्सी.ला असताना शिकलेलं आठवलं आणि एका दुपारी मी म्हटलं, "आप्पा, सगळ्या संख्या तपासायची गरज नाही. या आकड्याला भाग जाणारी संख्या असलीच, तर तिला बासष्टने भागल्यावर एकच उरायला हवा. आणि आठाने भागल्यावर एक किंवा सात. असे फक्त चौऱ्याऐंशी भाजक उरतात. त्या गणितज्ञाने तेवढेच तपासले."

पेन थांबलं. मला वाटलं आता रागावतील, तीन आठवडे फुकट राबवलं म्हणून.

"कसं काय?" त्यांनी विचारलं.

नियम पाठ होता, त्याचं कारण आठवेना. बावीस वर्षं गणित शिकवतेय मी. पदवीचं पुस्तक माळ्यावरच्या पेटीत होतं. रविवारी ते काढलं, वाळवी लागलेली पानं सोडून बाकीची वाचली, आणि दोन दिवस शाळेच्या मोकळ्या तासांना कागद खराब केले. मग आप्पांच्या खाटेशी खुर्ची ओढून बसले.

"मोलगीचा बाजार घ्या. सात दिवसांनी भरतो. आज बाजार आहे, आणि अमुक दिवसांनीही बाजार आहे, तर ते अमुक दिवस सातच्या पटीतच असणार ना?"

"मंग काय."

"आता दुप्पट करत जा आणि दर वेळी सातने भागून बाकी तेवढी ठेवा. एक, दोन, चार, पुन्हा एक. तीन पावलांनी बाजार परत भरला. तेविसाने करून बघा."

त्यांनी करून बघितलं. अकरा पावलांनी एक परत आला. एकतीसने केलं, तर पाच पावलांनी. मग त्यांनी स्वतःहून दहा-बारा संख्यांचे बाजार काढले, कोणाचा किती पावलांनी. माझं म्हणणं एवढंच होतं की मूळ संख्येतून एक वजा केला, तर तितक्या पावलांनी बाजार हमखास असतोच. सात असेल तर सहाव्या, तेवीस असेल तर बाविसाव्या पावलाला. हे हमखास कसं, ते सिद्ध करून दाखवायला आणखी दोन दुपारी गेल्या, मध्ये आप्पांनी मला दोनदा पकडलं, आणि एकदा तर माझी चूक खरोखरच होती. पण झालं.

"आता आपला आकडा म्हणजे एकतीस दुपटी, उणे एक. त्याला एखाद्या संख्येने भाग गेला, तर त्या संख्येचा बाजार एकतिसाव्या पावलाला भरलाच पाहिजे. एकतीस तर स्वतःच मूळ संख्या. म्हणजे बाजार एकतीस पावलांनीच भरतो, मधे नाही."

आप्पा छताकडे बघत होते. मग सावकाश म्हणाले, की त्या संख्येतून एक काढला, तर उरलेल्यात एकतीसचे बाजार पुरेपूर बसायला हवेत. आणि संख्या विषम, म्हणून एकतीसची दुप्पट, बासष्ट. मी मान हलवली. डोळे भरून आले होते माझे, उगाच.

"आन ते आठनं?"

आठाच्या नियमाचं कारण मला कळलं होतं, पण त्यांना कळेल असं सांगता येईना. चार वेळा प्रयत्न केला. शेवटी म्हटलं, "एवढं माझ्यावर विश्वास ठेवून माना ना, आप्पा. काम निम्मं होईल."

"जे तुले समजाडता येस नही, ते मी का मानू?"

रागाने नव्हे, अगदी साधेपणाने म्हणाले. आणि नाहीच मानलं. चौऱ्याऐंशीच्या जागी दीडशेच्या आसपास भाजक पत्करले, पण न कळलेला नियम वापरला नाही. त्रेसष्टपासून बासष्ट-बासष्ट मिळवत त्यांनी शेहेचाळीस हजारांपर्यंत यादी केली, सातशे सत्तेचाळीस आकडे. पाचने शेवट होणारे खोडले, तीनने जाणारे खोडले, मग सात, अकरा, तेरा. खोडण्याच्या कामात सासूबाई सामील झाल्या. त्या शाळेत चौथीपर्यंतच गेल्या, पण पाढे तिसापर्यंत आणि वर पावकी-निमकी, सगळं तोंडपाठ. गव्हाची पोळी लाटता लाटता त्या ओट्यापासून ओरडायच्या, "तेवीस सत्ते एकसे एकसट!" आणि आतून खोडल्याचा पेनचा आवाज यायचा. पन्नास वर्षांच्या संसारात त्या दोघांनी एकत्र केलेलं मी पाहिलेलं हे पहिलंच बिनभांडणाचं काम.

डिसेंबर गेला, संक्रांत गेली. आप्पा वॉकर धरून अंगणात जाऊ लागले, पण सकाळचे तीन तास भागाकाराचे. मी शाळेतून आले की आज कुठवर, एवढं विचारायचं.

आणि एक दिवस मी फाटकातून आत शिरतेय तोच आतून आवाज आला, "भाग गया! बाकी शून्य!"

ते वॉकर न धरता उभे होते. सासूबाईंच्या हातात गुळाचा खडा होता. सव्वीस हजारांच्या घरातल्या एका संख्येने भाग गेला होता, ताळाही जुळला होता, पानाच्या कोपऱ्यात टिंब दिलेलं होतं. शेजारचे दोघे येऊन बसले होते. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या डॉक्टरांनाही सांगून झालं होतं. अडीचशे वर्षांपूर्वीचा मोठा माणूस चुकला आणि तो आमच्या आप्पांनी पकडला, असं गल्लीत झालं होतं.

मला ठाऊक होतं, असं होऊ शकत नाही. तोंडात गूळ घेऊन मी उभी राहिले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "राहू दे ना. कोणाचं काय बिघडतं? तीन महिन्यांत पहिल्यांदा असे हसलेत." त्याचं खरं होतं. पण मला सारखा तो दिवस आठवत होता, आठाच्या नियमाचा. त्यांनी मला सून म्हणून सूट दिली नव्हती. आता मी त्यांना म्हातारे म्हणून सूट द्यायची, हे मला त्यांचा अपमान केल्यासारखं वाटलं.

सकाळी चहा देताना मी म्हटलं, "आप्पा, उलटा गुणाकार करून बघायचा का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वही ओढली.

गुणाकार जुळला नाही. थोडक्यात हुकत होता. त्यांनी दुसऱ्यांदा केला, तेच. मग भागाकाराची एकेक पायरी बोट ठेवून वाचत गेले. तिसऱ्या पायरीवर बोट थांबलं. मधल्या एका बाकीत सत्तेचाळीसच्या जागी चौऱ्याहत्तर लिहिलं गेलं होतं. अंक तेच, फक्त उलटे.

"पन ताळा तर जुळना," ते म्हणाले. आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. चार आणि सात अकरा, सात आणि चार अकरा. अंक उलटले तरी बेरीज तीच. नवाच्या ताळ्याला ही चूक दिसतच नाही.

मला वाटलं होतं ते खजील होतील. ते खजील झाले नाहीत, पण काहीतरी दुसरंच झालं. दिवसभर वही मिटलेली राहिली. संध्याकाळी मला जवळ बोलावून म्हणाले, "एकोनतीस हंगाम मी याच ताळावर निजनू. कितला गाडासनं वजन उलटं लिखं व्हई, देव जाने."

मी म्हटलं, "तुमच्या हातून उलटं लिहिलं जात नव्हतं, आप्पा. आता चष्म्याचा नंबर वाढलाय."

"तू दखं का?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी ते किंचित हसले.

तीन दिवस वही बंद होती. चौथ्या दिवशी काट्यावरच्या त्यांच्या वेळचे एक शेतकरी भेटायला आले. तीस वर्षं ऊस घातलेला माणूस, स्वतःच काठी टेकत आलेला. आप्पांनी त्यांना हीच शंका सरळ विचारली. तुमची गाडी कधी कमी भरली का? त्या गृहस्थांनी विचार केला, खरोखर विचार केला, आणि म्हणाले की एकदा त्यांना वजन कमी वाटलं होतं, ते परत आले होते, आणि आप्पांनी कुरकुर न करता गाडी पुन्हा काट्यावर घेतली होती. वजन बरोबर निघालं. "तू दुसऱ्यांदा मोजून देतोस हे माहीत होतं, म्हणून पुन्हा कोणी आलं नाही," असं काहीसं ते अहिराणीत म्हणाले. आप्पांना तो प्रसंग आठवतच नव्हता. पाहुणे गेल्यावर त्यांनी वही उघडली.

पण आता पुढे जाण्याआधी ते मागे गेले. टिंब दिलेल्या प्रत्येक भागाकाराचा उलटा गुणाकार. त्यात सव्वीस दिवस गेले आणि आणखी दोन चुका सापडल्या, दोन्हीत बाकी चुकली होती, शून्य मात्र कुठेच येत नव्हतं. चष्मा बदलला. मग पुन्हा पुढे.

होळीच्या आदल्या आठवड्यात शेवटचा खरा भाजक आला, पंचेचाळीस हजार नऊशे त्रेचाळीस. मी मुद्दाम अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. सासूबाई खाटेच्या पायथ्याशी बसल्या. भागाकार आला ४६७४२, बाकी १५९४१. उलटा गुणाकार केला, बाकी मिळवली, आणि एकेक अंक जुळत २१४७४८३६४७ उमटला. पुढे बासष्ट-बासष्टने येणारे फक्त सहा आकडे होते. एक पाचने गेला, एक सातने. ४६१२९ ने मात्र आम्हाला पाऊण तास झुलवलं. सासूबाईंचे पाढे संपले, आप्पा एकेका मूळ संख्येने चढत गेले आणि एकशे त्रेसष्टला तो फुटला. एकशे त्रेसष्ट गुणिले दोनशे त्र्याऐंशी. राहिलेले तीन तीनने, तेवीसने आणि पाचने गेले.

आप्पांनी पेनला टोपण लावलं. "आते माले माहीत शे," म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्या पायावरची शाल सारखी केली आणि चहा टाकायला उठल्या.

एप्रिलच्या सुरुवातीला मी त्यांना शाळेत घेऊन गेले. काठी टेकत ते नववीच्या वर्गात शिरले, मुलं उभी राहिली. मी फळ्यावर ती संख्या लिहिली. आप्पांनी ठरवून शाळेची मराठी बोलायला सुरुवात केली, एकेक शब्द तोलून. वर्गातली अर्धी मुलं घरी भिली किंवा पावरी बोलणारी, बाकीची अहिराणी. सगळेच जण उसनी भाषा जपून वापरत होते, त्यामुळे फार शिस्तीचं बोलणं चाललं होतं. त्यांनी यादीची गोष्ट सांगितली, बाजार सांगितला, आणि मग स्वतःची चूक सांगितली, उलटे लिहिलेले दोन अंक फळ्यावर काढून. गूळ वाटल्याचंही सांगितलं. तिथे मुलं मोकळी हसली आणि आप्पा मराठी सोडून अहिराणीवर आले.

एका मुलीने विचारलं, "आजोबा, ते आधीच कोणीतरी तपासलं होतं ना? मग पुन्हा का केलं?"

आप्पांनी विचार केला. "माना पाय मोडेल व्हता," ते म्हणाले. वर्ग पुन्हा हसला. मग म्हणाले, "पहिले आठ दिन पायमुये करं. मंग चांगलं वाटाले लागनं, म्हनीसन करं."

दुसरीने विचारलं, याहून मोठी आहे का. मी सांगितलं, पुष्कळ आहेत, एकसष्ट दुपटींची तर एकोणीस अंकी आहे, आणि फळ्यावर १९ लिहिलं. आप्पांनी हात जोडले.

परतताना ते रिक्षात मागे टेकले. मला वाटलं दमले. रसवंतीपाशी थांबवायला लावून त्यांनी दोन ग्लास रस घेतला, मिशा पुसल्या आणि मग म्हणाले, "एक सांगू का? राग नको धरू."

"सांगा ना."

"फळावर तुन्हा एक आन नऊ सारखाच दिखस. पोऱ्हेस्ना घोटाळा व्हस."

घरी आल्यावर त्यांनी वहीचं एक कोरं पान उघडून दिलं, आणि मी जेवायच्या आधी दोन ओळी नऊ गिरवले.